एक टर्बो, दोन मॅनिफोल्ड : ऑक्टाव्हिया आरएसवरचा अडीच वर्षांचा अनुभव

माझ्याकडे २००५ सालची स्कोडा ऑक्टाव्हिया आरएस आहे. औरंगाबाद (आताचे छत्रपती संभाजीनगर) जवळच्या शेंद्रा येथील कारखान्यात जुळणी झालेली, १.८ लिटरचे वीस व्हॉल्व्हचे टर्बो पेट्रोल इंजिन असलेली ही पाच गिअरची गाडी भारतात १५० अश्वशक्तीची म्हणून विकली गेली. युरोपात याच नावाच्या गाडीला १८० अश्वशक्ती होती. गेल्या अडीच वर्षांत मी तिचा मूळ टर्बो (जळालेल्या वायूच्या झोताने फिरून इंजिनात जादा हवा कोंबणारा भाग) काढून गॅरेटचा जीटी२८६०आरएस बसवला आणि त्याच टर्बोखाली दोन वेगवेगळे एक्झॉस्ट मॅनिफोल्ड, म्हणजे सिलिंडरांतला जळालेला वायू गोळा करून टर्बोकडे नेणारे नळकांडे, वापरून पाहिले. पहिला स्टेनलेस स्टीलच्या नळ्या वेल्ड करून बनवलेला होता, दुसरा बिडाचा ओतीव आहे. टर्बो कोणता घ्यावा यावर आपल्याकडे भरपूर बोलले जाते. मॅनिफोल्डचा विषय मात्र दोन वाक्यांत आटोपतो. मी कोल्हापुरात फौंड्रीच्या व्यवसायात आहे आणि ओतकामाशी माझा रोजचा संबंध आहे, त्यामुळे या परीक्षणात मॅनिफोल्डला जास्त जागा मिळाली आहे. ती मिळायलाच हवी, असे माझे मत आहे.

मूळ टर्बो के०३ घराण्यातला. लहान टर्बाइन (वायूने फिरणारे चाक), लहान कॉम्प्रेसर (हवा दाबणारे चाक) आणि म्हणून झटपट पिकअप, असा त्याचा स्वभाव आहे. २१० न्यूटन-मीटरचा पूर्ण टॉर्क मिनिटाला १,७५० फेऱ्यांच्या आसपासच हजर होतो, आणि शहरातल्या गर्दीत गाडी चालवताना याहून सोयीचे काही नाही. अडचण वरच्या टोकाला आहे. वाघबीळ सोडून पन्हाळ्याचा चढ लागला आणि दुसऱ्या गिअरमध्ये गाडी दाबली, की साडेचार हजार फेऱ्यांपर्यंत ती जोमाने ओढते आणि तिथून पुढे नुसता आवाज वाढतो. लहान टर्बाइनच्या अरुंद वाटेतून इतक्या फेऱ्यांना तयार होणारा सगळा वायू बाहेर पडू शकत नाही. टर्बाइनच्या अलीकडचा दाब इनटेकमधल्या दाबाच्या वर जातो, आणि जळालेल्या वायूचा काही भाग सिलिंडरमध्येच अडकून राहतो. त्या उष्ण उरलेल्या वायूमुळे नॉक होण्याचा (इंधन अवेळी आपोआप पेटण्याचा) धोका वाढतो, म्हणून ईसीयू, म्हणजे इंजिनाचा संगणक, ठिणगी उशिरा टाकतो, आणि ठिणगी उशिरा पडली की एक्झॉस्ट आणखी तापतो. रिमॅप करून, म्हणजे ईसीयूची आज्ञावली बदलून, टर्बोचा दाब वाढवला, तरी या चक्रातून सुटका होत नाही, हे मी आधीची तीन वर्षे रिमॅपवर गाडी चालवून अनुभवले होते. मधल्या फेऱ्यांत ताकद वाढली होती, वरचा दम मात्र तेवढाच राहिला होता.

पर्याय तीन होते. मूळ मॅनिफोल्डवर सरळ बसणारा के०४-००१ हा सगळ्यांत सोपा. पण त्याचा फायदा माफक आणि वरच्या फेऱ्यांतली घुसमट फारशी कमी न करणारा. दुसरा म्हणजे त्या काळातल्या ऑडी एस३ आणि टीटी यांच्या २२५ अश्वशक्तीच्या इंजिनावरचा के०४. तो उत्तम आहे, परंतु त्याला त्याचाच मॅनिफोल्ड आणि हवेच्या पाइपांची निराळी मांडणी लागते, आणि चांगल्या अवस्थेतले जुने सुटे भाग मिळवणे कठीण जाते. तिसरा म्हणजे टी२५ मापाच्या फ्लँजवर (जोडाच्या सपाट पट्टीवर) बसणारे गॅरेटचे जीटी२८ घराणे. त्यातला जीटी२८६०आरएस मी निवडला, कारण ६० मिलिमीटरचे कॉम्प्रेसर चाक १.८ लिटरच्या इंजिनाला बेताचे मोठे आहे. याहून मोठा घेण्याचा आग्रह मला अनेकांनी केला. कागदावर तीनशे अश्वशक्ती दिसायला छान वाटते, परंतु आमच्याकडच्या घाटांत वळणातून बाहेर पडताना इंजिन अडीच ते साडेतीन हजार फेऱ्यांवर असते, आणि तिथे जो टर्बो झोपलेला असेल त्याची वरची ताकद अंबा घाटात कधी वापरायलाच मिळत नाही. शिवाय या इंजिनाचे मूळ कनेक्टिंग रॉड बारीक आहेत. कमी फेऱ्यांवर एकदम टॉर्क चढवला तर ते वाकतात, हे या इंजिनावर काम करणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे. म्हणून मी सुरुवातीपासूनच ३०० न्यूटन-मीटरची मर्यादा घालून घेतली आणि रिमॅप करणाऱ्यालाही तीच सांगितली.

टर्बाइनच्या घराची निवड हा निकाल ठरवणारा टप्पा आहे. घराच्या पोकळीचे क्षेत्रफळ आणि त्या क्षेत्राच्या मध्यापासून चाकाच्या अक्षापर्यंतचे अंतर यांचे गुणोत्तर म्हणजे ए बाय आर. ते लहान असेल तर वायू चाकावर वेगाने आदळतो आणि टर्बो लवकर जागा होतो. मोठे असेल तर वरच्या फेऱ्यांत वाट मोकळी राहते. या टर्बोला ०.६४ आणि ०.८६ अशी दोन घरे मिळतात. रस्त्यावरच्या १.८ लिटरच्या गाडीला ०.६४ हेच योग्य, आणि अडीच वर्षांनंतरही या निवडीबद्दल माझ्या मनात शंका नाही.

टर्बोविषयी तक्रार करण्यासारखे मला काहीही आढळले नाही. दोन्ही टोकांना बॉल बेअरिंग असल्यामुळे शाफ्ट बोटाने फिरवला तर बराच वेळ फिरत राहतो, आणि गिअर बदलताना क्षणभर पेडल सोडून पुन्हा दाबले की दाब परत यायला साध्या बुश बेअरिंगच्या टर्बोपेक्षा कमी वेळ लागतो. मात्र त्याची तेलाची गरज वेगळी आहे आणि याकडे दुर्लक्ष करून अनेकांनी चांगले टर्बो घालवले आहेत. बॉल बेअरिंगला तेल थोडेच लागते. जुन्या टर्बोची तेलाची नळी जशीच्या तशी जोडली तर जादा तेल सील ओलांडून टर्बाइनच्या बाजूला जाते आणि सायलेन्सरमधून निळा धूर येऊ लागतो. त्यासाठी तेलाच्या वाटेत साधारण एक मिलिमीटर भोकाचा रिस्ट्रिक्टर घालावा लागतो. तेल खाली उतरण्याची नळी मात्र रुंद आणि शक्य तितकी उभी हवी, कारण ते तेल निव्वळ गुरुत्वाकर्षणाने ऑइल पॅनमध्ये परतते. माझ्या गाडीत पहिल्या बसवणीत ही नळी एका जागी जवळजवळ आडवी झाली होती. आठवड्याभरात धूर दिसला, नळी पुन्हा वाकवून बसवल्यावर तो थांबला. पाण्याच्या दोन्ही नळ्याही जोडल्याच पाहिजेत. इंजिन बंद केल्यावर टर्बाइनमधली उष्णता बेअरिंगकडे झिरपते, आणि ती वाहून नेण्याचे काम ते पाणीच करते.

आता मॅनिफोल्ड. चार सिलिंडरच्या इंजिनात ठिणगीचा क्रम १-३-४-२ असतो आणि क्रँकच्या दर १८० अंशांनी एक सिलिंडर आपला वायू बाहेर टाकतो. पण प्रत्येक एक्झॉस्ट व्हॉल्व्ह १८० अंशांपेक्षा जास्त काळ उघडा राहतो, म्हणून एका सिलिंडरचा जोरदार पहिला झोत मॅनिफोल्डमध्ये शिरतो तेव्हा आधीच्या सिलिंडरचा व्हॉल्व्ह अजून मिटलेला नसतो. चारही तोंडे एकाच आखूड नळकांड्यात उघडत असतील, तर तो झोत शेजारच्या सिलिंडरमध्ये उलटा शिरतो. प्रत्येक सिलिंडरला स्वतंत्र, लांब आणि सारख्या लांबीची नळी दिली तर हा उपद्रव कमी होतो. नळ्यांच्या मॅनिफोल्डच्या बाजूने केला जाणारा सगळा युक्तिवाद इथून येतो, आणि तो खरा आहे. त्याची दुसरी बाजू अशी की, लांब नळ्यांचे आकारमान जास्त असते. टर्बो फिरवणारा दाब तयार होण्याआधी ती सगळी जागा भरावी लागते आणि वाटेत उष्णताही जाते. टर्बोला लागणारी ऊर्जा त्या उष्णतेतच असते.

माझा पहिला मॅनिफोल्ड ३०४ प्रतीच्या स्टेनलेस नळ्यांचा होता. विक्रेत्याचे नाव मी देत नाही. दिसायला तो फार देखणा होता. वेल्डवर निळ्या-सोनेरी छटा, चारही नळ्यांची वळणे एकसारखी. आमच्या मिस्त्रींनी तो हातात घेऊन टकटक वाजवला, आतून बोट फिरवले आणि म्हणाले, “साहेब, टर्बो तुम्ही भारी आणलाय, पण ह्यो नळा टिकंल असं वाटत नाय. जाडी कुठं हाय ह्याला?” नळीची भिंत दोन मिलिमीटरच्या आतली होती. मी तरीही तो बसवला, कारण रचना योग्य वाटत होती. पहिले काही महिने गाडी अतिशय छान चालली. पुण्यातल्या एका डायनोवर (ताकद मोजण्याच्या यंत्रावर) १.१ बार दाबाला चाकांवर २१२ अश्वशक्ती मिळाली. बदलाआधी, रिमॅपवर असताना, त्याच डायनोवर १५१ मिळाली होती. साडेचार हजारांनंतर संपणारा दम आता साडेसहा हजारांपर्यंत पुरू लागला. मात्र तिसऱ्या गिअरमध्ये २,००० फेऱ्यांपासून पेडल पूर्ण दाबले, तर एक बार दाब यायला ३,९०० फेऱ्या लागत होत्या, आणि शहरात मूळ गाडीची उणीव जाणवत होती.

सात हजार किलोमीटरच्या सुमारास थंड इंजिन सुरू केल्यावर टिकटिक आवाज येऊ लागला. इंजिन तापले की तो नाहीसा होई. मी तो टॅपेटचा (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या भागांचा) समजत होतो. मिस्त्रींनी सकाळी बॉनेट उघडून, बारीक रबरी नळी कानाला लावून तिचे दुसरे टोक फायरवॉलजवळ फिरवले आणि जागा अचूक दाखवली. या गाडीत एक्झॉस्टची बाजू मागे, फायरवॉलकडे असते, त्यामुळे वरून काहीच दिसत नाही. सगळे उतरवावे लागले. मॅनिफोल्ड बाहेर काढल्यावर तिसऱ्या आणि चौथ्या नळीच्या संगमावर, वेल्डच्या अगदी कडेला, नखाएवढी लांब काळी रेघ दिसली. रेघेच्या दोन्ही बाजूंना काजळीचा पंखा उमटला होता, म्हणजे वायू बराच काळ तिथून निसटत होता. मग आम्ही त्याच्या फ्लँजवर सरळ पट्टी ठेवून तिच्याखाली फीलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) घातले. मधोमध ०.४० मिलिमीटरची पट्टी आरामात आत गेली. फ्लँज धनुष्यासारखा वाकला होता आणि दोन स्टड ढिले झाले होते.

दोष कशाचा, हे सांगणे कठीण नाही. ३०० मिलिमीटर लांबीचे ३०४ स्टेनलेस ८०० अंशांनी तापले तर सुमारे सव्वाचार मिलिमीटर वाढते. बीड त्याच तापमानफरकाला तीन मिलिमीटरच्या आसपास वाढते. मॅनिफोल्डचा एक काठ पाण्याने थंड राखलेल्या अॅल्युमिनियमच्या हेडला (सिलिंडरांवरच्या झाकणाला) घट्ट आवळलेला, दुसऱ्या टोकाला लालभडक संगम आणि त्याला लटकलेले टर्बोचे सहा-सात किलो वजन, अशी ही परिस्थिती आहे. प्रत्येक वेळी इंजिन तापते आणि निवते तेव्हा नळ्यांची ओढाताण होते, आणि ती सगळी वेल्डच्या कडेला, जिथे धातूची घडण आधीच वेल्डच्या उष्णतेने बदललेली असते, तिथे एकवटते. जाड भिंतीच्या नळ्या, ३२१ किंवा ३४७ प्रतीचे स्टील, फ्लँजला सिलिंडरांच्या मध्ये दिलेले छेद आणि टर्बोला इंजिनच्या ब्लॉकवरून दिलेला वेगळा आधार, एवढे सगळे असेल तर नळ्यांचा मॅनिफोल्डही वर्षानुवर्षे टिकतो. शर्यतीच्या गाड्यांवर टिकतोच. माझ्या मॅनिफोल्डमध्ये यांतले एकही नव्हते, आणि वर्णनात मात्र रोजच्या वापरासाठी योग्य असे लिहिले होते. विक्रेत्याने क्रॅक वेल्ड करून देण्याची तयारी दाखवली. फ्लँज बदलून देण्यास नकार दिला. मी तो परत पाठवला नाही.

दुसरा मॅनिफोल्ड बाहेरून मागवला. तो ओतीव असून त्याला टी२५ फ्लँज आहे, आणि विशेष म्हणजे तो अधिक निकेलच्या बिडाचा, डी५एस प्रतीचा आहे. या बिडात निकेल साधारण ३५ टक्के असते. आमच्या भागातल्या फौंड्र्यांत मॅनिफोल्डसाठी जे सिलिकॉन-मॉलिब्डेनमचे एसजी आयर्न (गोलाकार ग्राफाइटचे बीड) ओतले जाते, ते डिझेल इंजिनाच्या तापमानाला पुरेसे असते. पेट्रोल टर्बोचा एक्झॉस्ट पूर्ण भाराला ९०० अंशांच्या पुढे जातो आणि तिथे त्या लोखंडाची अंतर्गत रचनाच बदलू लागते, म्हणून ते तापून-निवून तडकते. निकेल भरपूर असलेल्या बिडाची रचना खोलीच्या तापमानापासून वरपर्यंत एकच राहते. त्याची किंमत अर्थातच निकेलच्या भावावर चढते. मॅनिफोल्डला मला आयात शुल्कासह ५८,००० रुपये पडले, नळ्यांच्या मॅनिफोल्डच्या सव्वादोन पट.

पेटी उघडल्यावर मी तो आधी व्यावसायिक नजरेने तपासला. बाहेरची पार्टिंग लाइन (साच्याच्या दोन भागांच्या जोडाची रेघ) स्वच्छ होती, कुठेही वाळू चिकटलेली नव्हती. चारही वाहिन्यांत टॉर्च टाकून पाहिले. दुसऱ्या वाहिनीत कोअर (आतली पोकळी घडवणारा वाळूचा गाभा) किंचित सरकल्याची खूण, म्हणजे एका बाजूची भिंत थोडी जाड, होती. वापराला त्याने बाधा येत नाही, पण या किमतीला ती असू नये. दुसरी त्रुटी अधिक महत्त्वाची : हेडच्या बाजूचा फ्लँज मशीन केलेला असूनही पट्टीखाली ०.१० मिलिमीटरची फट निघाली. शिवाजी उद्यमनगरातल्या एका ग्राइंडिंगवाल्याकडे नेऊन मी तो अर्ध्या तासात सपाट करून घेतला. ज्यांच्या गावात अशी सोय नाही त्यांनी विकत घेण्यापूर्वी याचा विचार करावा. टर्बोच्या बाजूच्या फ्लँजचे तोंड टर्बाइनच्या घराच्या तोंडाशी जुळवून, पायरी राहू नये एवढे घासून घेतले. आतली वाहिनी मात्र मुद्दाम रुंद केली नाही, कारण वायूचा वेग तिथेच टिकवायचा असतो.

रस्त्यावरचा फरक पहिल्याच दिवशी कळला. त्याच टर्बोने, त्याच दाबाच्या मांडणीवर, एक बार आता ३,६५० फेऱ्यांना येतो, म्हणजे २५० फेऱ्या आधी. आकड्यात हे थोडे वाटते. गगनबावड्याकडे जाताना तिसऱ्या गिअरमध्ये एखाद्या एसटीला ओलांडायचे असेल, तेव्हा पूर्वी खाली दुसरा गिअर टाकावा लागे आणि आता लागत नाही, असा त्याचा प्रत्यक्ष अर्थ आहे. पेडल आणि चाक यांच्यातले नाते पुन्हा सरळ झाले आहे. कारण वर सांगितलेच आहे : वाहिन्या आखूड, आकारमान कमी आणि जाड भिंत एकदा तापली की वायूतली उष्णता धरून ठेवते. डायनोवर वरची ताकद थोडी घटली. चाकांवर २०६ अश्वशक्ती आली, म्हणजे सहा अश्वशक्ती कमी. झोतांच्या आपसांतल्या अडथळ्याची ही किंमत आहे आणि ती मला पूर्ण मान्य आहे. आंबी व्हॅलीच्या धावपट्टीवर पाव मैलाची वेळ काढण्यासाठी जो गाडी बांधतो, त्याने नळ्यांचाच, पण जाड भिंतीचा आणि आधार दिलेला मॅनिफोल्ड घ्यावा.

बाकीचे भाग थोडक्यात. मोठे इंजेक्टर, टाकीतला जादा क्षमतेचा पंप, बंपरमागे मोठा इंटरकूलर (दाबलेली हवा थंड करणारा), टर्बोनंतरचा तीन इंचाचा डाउनपाइप, जाड क्लच आणि या सगळ्याला जुळणारे ईसीयूचे नवे मॅपिंग, यांतले काहीही वगळता येत नाही. मूळ क्लच दुसऱ्याच आठवड्यात घसरू लागला होता. डाउनपाइपमध्ये कॅटॅलिटिक कन्व्हर्टर मी ठेवला आहे आणि इतरांनीही ठेवावा. दोन-चार अश्वशक्तींसाठी आपल्या मागच्या दुचाकीस्वाराच्या तोंडावर कच्चा धूर सोडण्याचे समर्थन होऊ शकत नाही. सगळा खर्च मजुरीसह चार लाखांच्या थोडा वर गेला, त्यात वाया गेलेल्या पहिल्या मॅनिफोल्डचीही किंमत आहे.

कायद्याची बाजू स्पष्ट आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार नोंदणीतल्या तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल वाहनात करता येत नाही, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, अथवा दोन्ही, अशी तरतूद आहे. विम्याचा दावाही यावरून अडू शकतो. हे माहीत असूनच निर्णय घ्यावा. पेट्रोलच्या बाबतीत मी तडजोड करत नाही. पुण्याला गेलो की शंभर ऑक्टेनचे भरतो. एरवी ९५ ऑक्टेनवर चालणारा, दाब ०.८ बारवर राखणारा दुसरा मॅप ठेवला आहे, आणि खरे सांगायचे तर रोजच्या वापरात तोच जास्त आवडू लागला आहे.

ओतीव मॅनिफोल्डवर आतापर्यंत १८,००० किलोमीटर झाले आहेत. पहिल्या पाचशे किलोमीटरनंतर सगळे नट थंड इंजिनावर पुन्हा आवळले होते. त्यानंतर एकही ढिला झालेला नाही. मागच्या महिन्यात टायमिंग बेल्टच्या कामासाठी गाडी उघडली होती, तेव्हा टर्बो आणि मॅनिफोल्ड मुद्दाम खाली उतरवून घेतले. ओतकामावर गंजाचा तांबूस थर आहे आणि संगमाजवळ त्याचा रंग राखाडी झाला आहे. वाहिन्यांमधल्या कोपऱ्यांवर डाय पेनिट्रंट (तडा दाखवणारा लाल रंग) मारून अर्धा तास वाट पाहिली, एकही लाल रेघ उमटली नाही. फ्लँजवर तीच पट्टी ठेवली आणि ०.०५ मिलिमीटरची फीलर पट्टी सगळीकडून घालून पाहिली. ती कुठेही आत गेली नाही. नवे गॅस्केट टाकून मॅनिफोल्ड ग्राइंडिंग न करता तसाच परत बसवला आहे.